पलाय, बिगास, कानिन : फिलिपिन्सचा भात आणि आपला धान

२० जुलै २०२३. आमच्याकडे रोवणीचे दिवस. सकाळपासून झड लागलेली. संध्याकाळी बातमी आली, केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. लगेच डेस्कवरून फोन : "स्थानिक प्रतिक्रिया पाठव. तीनशे शब्द. तासाभरात."

रेनकोट चढवला, गाडी काढली आणि गावाबाहेरच्या एका राइस मिलवर गेलो. मालकांनी दोन-चार वाक्यं सांगितली, मी लिहून घेतली. निघताना पोत्यांच्या थप्पीजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हटकलं. "पत्रकार भाऊ, आपला तांदूळ बाहेर जाते म्हनते, तं तो खाते तरी कोन जी?"

मी म्हटलं, "आफ्रिकेत जाते बाबाजी, इकडेतिकडे जाते." ते हसले. त्यांना कळलं की मला काही माहीत नाही.

बातमी छापून आली, प्रश्न मात्र डोक्यात राहिला. दीड महिन्याने मनिलाची बातमी वाचली. फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांनी तांदळाचे भाव बांधून दिले होते : साधा तांदूळ किलोला ४१ पेसो, जास्त पॉलिश केलेला ४५ पेसो, ५ सप्टेंबरपासून लागू. कारणं दोन सांगितली जात होती, साठेबाजी आणि जगात चढलेले भाव. भाव चढण्यामागे भारताची निर्यातबंदी हे एक मोठं कारण होतं. म्हणजे दिल्लीत एक कागद निघाला आणि समुद्रापारच्या एका देशात सरकारला घाम फुटला. त्या दिवसापासून फिलिपिन्सबद्दल मिळेल ते वाचत गेलो. ही पोस्ट म्हणजे त्या बाबाजींना उशिरा दिलेलं उत्तर आहे. लांब आहे, पण आपण धान पिकवणारी माणसं, आपल्याला ती परकी वाटणार नाही.

आधी शब्दांपासून सुरुवात करतो. इंग्रजीत शेतातलं पीक, दुकानातला दाणा आणि ताटातलं अन्न, सगळ्यांना एकच शब्द चालतो. आपल्याकडे चालत नाही. शेतात धान, मिलमधून निघाला की तांदूळ, शिजला की भात. फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत नेमकं हेच आहे. शेतातला 'पलाय', भरडलेला 'बिगास', शिजलेला 'कानिन'. 'कानिन' हा शब्द खाणं या अर्थाच्या 'काइन' या धातूपासून आला. म्हणजे जेवणाला आणि भाताला मुळात एकच शब्द. भेटल्यावर ते एकमेकांना आपल्यासारखंच विचारतात, "जेवलास का?"

पुढचे शब्द ऐका. शिळ्या भाताला 'बाहाव'. सकाळी त्यालाच लसणाची फोडणी दिली की 'सिनांगाग'. भांड्याच्या बुडाला लागलेली खरवड म्हणजे 'तुतोंग'. लहान बाळाला पाजायची पेज म्हणजे 'आम'. आजाऱ्याला द्यायचा आसट भात म्हणजे 'लुगाव'. आणि भाताबरोबर जे काही असेल, मासा, मांस, भाजी, त्या सगळ्याला मिळून एकच शब्द, 'उलाम', म्हणजे आपलं तोंडीलावणं. जेवण म्हणजे भात, बाकी सगळं त्याच्या सोबतीला. भात नसेल तर कितीही खाल्लं तरी ते 'मेरिएंदा', म्हणजे मधल्या वेळचं खाणं. तिथल्या बर्गरच्या दुकानातही तळलेल्या कोंबडीबरोबर कागदात गुंडाळलेला भाताचा मुटका मिळतो. सेबू बेटावर नारळाच्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत भात शिजवतात. त्याला 'पुसो' म्हणतात आणि त्या पुड्या घडासारख्या दुकानात टांगलेल्या असतात. भातात पाणी किती घालायचं ते तिथेही बोटाच्या पेरानेच मोजतात.

सणही भाताचेच. नाताळाच्या आधी नऊ दिवस पहाटे चर्चमध्ये प्रार्थना होते. बाहेर पडलं की केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजलेली तांदळाची 'बिबिंका' मिळते. लुकबान या गावात १५ मे रोजी शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रोचा उत्सव असतो. त्या दिवशी तांदळाच्या पिठाच्या रंगीत पातळ पापड्या झाडाच्या पानांवर थापून करतात आणि त्यांनी घरंच्या घरं सजवतात. त्यांना 'किपिंग' म्हणतात. घराला तांदळाचे दागिने घालायचे, असा तो सण.

आता कोणालाही वाटेल की हा देश अनादि काळापासून तीन वेळा भातच खात आला असणार. मलाही तसंच वाटलं होतं. इतिहास जरा वेगळा निघाला.

भात तिथे जुना आहे हे खरं. उत्तरेकडच्या लुझोन बेटावर, कागायान खोऱ्यात अंदारायान नावाची जागा आहे. तिथे सापडलेल्या मडक्यांच्या मातीत धानाचा तूस मिळाला, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. पण जुना असणं वेगळं आणि रोज सगळ्यांच्या ताटात असणं वेगळं. मार्च १५२१ मध्ये मॅगेलनची जहाजं त्या बेटांना लागली. त्याच्याबरोबर पिगाफेट्टा नावाचा इटालियन होता, तो रोजनिशी ठेवायचा. तो लिहितो की बेटावरच्या माणसांनी मासे, ताडी, केळी आणि दोन नारळ आणून दिले आणि खुणेने सांगितलं की चार दिवसांनी 'उमाय' आणून देतो. उमाय म्हणजे तांदूळ. आजही त्या भागात धानाला 'हुमाय' म्हणतात. पाहुण्याला द्यायचा म्हणून तांदूळ दुसरीकडून आणावा लागत होता, हे यातून दिसतं.

विल्यम हेन्री स्कॉट या इतिहासकाराने स्पॅनिश कागदपत्रं चाळून त्या काळाचं चित्र उभं केलं. त्यानुसार भात हे सगळ्यांच्या आवडीचं, मानाचं अन्न होतं, पण सामान्य माणसाचं वर्षाचे बारा महिने त्यावर भागत नव्हतं. अळूचे कंद, रताळ्यासारखी कंदमुळं, भरड धान्य, काही बेटांवर साबुदाणा, यावर बरेच महिने निघायचे. शेती मुख्यतः डोंगरउतारावर, जंगल जाळून केलेली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातलं आठवून पाहा. तेव्हा धानाच्या पट्ट्यातही गरिबाच्या घरी रोज पांढरा भात नसायचा. तसंच काहीसं.

मग स्पॅनिश राजवट आली, ती जवळपास सव्वातीनशे वर्षं टिकली. तिने पट्टी बसवली, सुरुवातीला ८ रियाल. ती तांदळातही भरता यायची. विखुरलेल्या वस्त्या हलवून लोकांना चर्चच्या घंटेच्या टप्प्यात आणून बसवलं. एका जागी बसलेली माणसं, पाण्याखालची शेती आणि मोजून घेता येणारं पीक. राज्यकर्त्याला यापेक्षा सोयीचं काय? कंद जमिनीखाली लपतो, धान लपवता येत नाही. ते एकाच वेळी पिकतं, पोत्यात भरता येतं आणि वर्षभर टिकतं.

सतराव्या शतकात डचांशी लढाया चालू होत्या. मनिलाच्या सरकारला सैन्यासाठी आणि जहाजबांधणीच्या मजुरांसाठी तांदूळ हवा होता. त्यासाठी 'बांदाला' नावाची पद्धत आणली. प्रत्येक प्रांताला कोटा ठरवून दिला. तेवढा तांदूळ सरकारलाच विकायचा, सरकार ठरवेल त्या भावाने. आणि पैसे? पैशाच्या जागी चिठ्ठी मिळायची, नंतर देऊ म्हणून.

आपल्या भाषेत सांगायचं तर चुकारे थकले. लुझोनमधल्या पाम्पांगा या धानाच्या प्रांताचं सरकारकडे १६६० पर्यंत सुमारे २ लाख पेसोंचं येणं झालं होतं. वरून माणसं आठ-आठ महिने जहाजाची लाकडं तोडायला जुंपलेली, त्याचीही मजुरी नाही. त्या वर्षी फ्रान्सिस्को मानियागो याच्या नेतृत्वाखाली लाकूडतोड्यांनी आपल्या झोपड्यांना आग लावली आणि उठाव केला. गव्हर्नर सैन्य घेऊन निघाला, पण शेवटी तडजोड झाली. थकबाकीपोटी सरकारने १४ हजार पेसो दिले. २ लाखांपैकी १४ हजार. हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. आमच्या तहसील कार्यालयासमोर चुकाऱ्यांसाठी झालेल्या किती आंदोलनांचं वार्तांकन मी केलंय, ते सगळं डोळ्यांपुढून गेलं.

याच काळातली दुसरी गोष्ट डोंगरातली आहे. इफुगाओ लोकांच्या भातखाचरांचे फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असतील. डोंगराच्या पायथ्यापासून पार वरपर्यंत जिन्यासारख्या बांध्या. १९९५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं. वर 'मुयोंग' म्हणजे राखलेलं जंगल, त्यातून झिरपणारं पाणी एका बांधीतून दुसरीत. वर्षातून एकदाच येणारा 'तिनावोन' जातीचा तांदूळ. कोठाराची राखण करायला 'बुलुल' नावाच्या लाकडी मूर्ती. कापणीच्या वेळी बायका 'हुदहुद' नावाची लांबलचक गाणी गातात. त्या गाण्यांनाही युनेस्कोने वारसा म्हणून मान दिला.

ही खाचरं दोन हजार वर्षांची जुनी, असं तिथल्या शाळेतली पुस्तकं अनेक वर्षं सांगत आली. स्टीफन अकाबादो या पुरातत्त्व अभ्यासकाच्या चमूने तिथे उत्खनन केलं आणि वेगळंच चित्र पुढे आलं. आधी तिथे अळू लावलं जात होतं. पाण्याखालची भातशेती वाढली ती साधारण सतराव्या शतकात, म्हणजे खाली स्पॅनिश आल्यानंतर. सपाटीवरून पळालेली माणसं डोंगरात चढली, एकत्र आली आणि त्यांनी दगड रचले. त्या खाचरांचं मोल यामुळे कमी होत नाही. माझ्या लेखी ते वाढतं. खाली धान म्हणजे वसुली होती, वर धान म्हणजे कोणाला वसुली न देता जगणं.

पुढे एकोणिसाव्या शतकात गाडी उलटी फिरली. मनिला बंदर जगाच्या व्यापाराला खुलं झालं, १८५५ मध्ये इलोइलो बंदर खुलं झालं. परदेशी व्यापाऱ्यांना हवी होती साखर, तंबाखू आणि दोरखंडासाठी 'आबाका' नावाच्या केळीवर्गीय झाडाचा धागा. धानाच्या जमिनीत ऊस आला. तोपर्यंत फिलिपिन्स चीनला तांदूळ विकत होता. १८७० च्या दशकात तो विकत घेणारा देश झाला, सायगॉनहून तांदळाची जहाजं येऊ लागली. तेव्हापासून आजपर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, तो देश तांदूळ आयातच करत आला आहे. आजची ओढाताण आज सुरू झालेली नाही, दीडशे वर्षांची आहे.

त्यानंतर अमेरिकन आले. त्याच सुमारास बुळकांड्या रोगाने रेडे मेले आणि नांगर थांबले. दुसऱ्या महायुद्धात जपानी आले, धान उचलून नेऊ लागले. मध्य लुझोनमध्ये जमीन जमीनदाराची आणि कसणारा अर्ध्या वाट्याने, वरून कर्ज. मार्च १९४२ मध्ये याच धानपट्ट्यात 'हुकबालाहाप' ही सशस्त्र संघटना उभी राहिली. आधी जपान्यांविरुद्ध आणि युद्धानंतर जमीनदार-सरकारविरुद्ध. ते बंड शमायला १९५४ उजाडलं. सरकारला तेव्हा कळलं की धानपट्टा पेटला की राजधानी सुखाने झोपू शकत नाही.

आता येते ती गोष्ट, जिचा धागा थेट आपल्यापर्यंत पोहोचतो. १९६० मध्ये मनिलाजवळच्या लोस बान्योस या गावात आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था सुरू झाली. अमेरिकेच्या फोर्ड आणि रॉकफेलर प्रतिष्ठानांचा पैसा, फिलिपिन्सची जागा. इंडोनेशियाची उंच 'पेटा' जात आणि तैवानची एक बुटकी जात, यांच्या संकरातून नोव्हेंबर १९६६ मध्ये 'आयआर ८' हे वाण बाहेर पडलं. बुटकं, ताठ, खत दिलं तरी न लोळणारं. नीट निगा राखली तर हेक्टरी १० टनांच्या जवळ जाणारं. लोक त्याला चमत्काराचा तांदूळ म्हणायला लागले. खाणारे मात्र कुरकुरले, भात जाडाभरडा, थंड झाला की कडक.

या संस्थेत आपली माणसं होती. 'आयआर ८' ला किती खत लागतं, किती उतारा येतो, याचे प्रयोग करणारे एस. के. डे दत्ता भारतीय. पुढे 'आयआर ३६' आणि 'आयआर ६४' सारखी वाणं काढणारे गुरदेव खुश पंजाबचे. आणि १९८२ ते १९८८ या काळात संस्थेचे महासंचालक होते एम. एस. स्वामीनाथन. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना 'रत्ना' हे धानाचं वाण आठवत असेल. त्याचा एक जन्मदाता 'आयआर ८' होता. म्हणजे लोस बान्योसच्या बांधीतलं रक्त महाराष्ट्राच्या शेतात येऊन गेलंय. तो खाते तरी कोन, असं बाबाजींनी विचारलं होतं. त्यांनी तरुणपणी 'रत्ना' लावला असेल, तर ज्यांनी खाल्ला त्यांच्याच देशातून त्याचं बियाणं निघालं होतं.

फिलिपिन्समध्ये या बियाण्याचं पुढे राजकारण झालं. १९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा लावला. त्याच वर्षी पुराने मध्य लुझोन बुडाला, त्याआधी तुंग्रो रोगाने धान पिवळं पडलं होतं. तांदळाच्या रांगा लागल्या. मे १९७३ मध्ये सरकारने 'मासागाना ९९' ही योजना आणली. मासागाना म्हणजे भरघोस आणि ९९ म्हणजे हेक्टरी ९९ 'काबान'. काबान हे तिथलं पोत्याचं माप, आपल्या खंडीसारखंच रोजच्या बोलण्यातलं. बियाणं, खत, औषध आणि विनातारण कर्ज. दोन-तीन वर्षांत देश स्वयंपूर्ण झाल्याची घोषणा झाली, थोडा तांदूळ बाहेरही विकला. पण खत-औषधांचे भाव चढले, कर्जं फिटली नाहीत, ग्रामीण बँका बुडाल्या आणि योजना विझली. आजही तिथे कोणी मासागानाचं नाव काढलं की एक म्हणतो सोन्याचे दिवस होते आणि दुसरा म्हणतो माझा बाप त्याच कर्जात गेला.

तिथे एक खंत वारंवार बोलून दाखवली जाते. व्हिएतनामचे, थायलंडचे लोक आमच्याकडे येऊन धान शिकले आणि आज आम्ही त्यांच्याकडूनच तांदूळ विकत घेतो. ऐकायला कडवट, पण यामागे नुसता नाकर्तेपणा नाही. थायलंड-व्हिएतनामकडे मोठमोठ्या नद्यांचे सपाट त्रिभुज प्रदेश आहेत. फिलिपिन्स म्हणजे सात हजारांवर बेटं आणि मधोमध डोंगर. त्यात वर्षाला सरासरी २० चक्रीवादळं त्या टापूत येतात, बरेचदा ऐन लोंबी भरण्याच्या वेळी. लोकसंख्या ११ कोटींच्या पुढे. माणशी वर्षाला ११५-१२० किलो तांदूळ लागतो. आणि सिंचन, साठवण, रस्ते यांत जे करायला हवं होतं ते सरकारांनी वेळेवर केलं नाही, हेही खरंच.

२००८ साली हे सगळं एकदम अंगावर आलं. ऑक्टोबर २००७ पासून भारताने निर्यातीला आवर घातला, मग व्हिएतनामनेही हात आखडला. थायलंडच्या तांदळाचा भाव काही महिन्यांत टनाला हजार डॉलरच्या वर गेला. जगातला सर्वांत मोठा तांदूळ आयातदार तेव्हा फिलिपिन्सच होता. मनिलात सरकारी तांदळासाठी रांगा लागल्या, त्या रांगांवर बंदुकधारी जवान उभे राहिले. कृषी सचिवांनी हॉटेलवाल्यांना विनंती केली, ताटात अर्धी वाटी भात द्यायची सोय ठेवा. भाताला नाही म्हणणं ज्या घरात अपमान समजतात, तिथे सरकार सांगतंय अर्धाच घ्या. पुढे २०१७ मध्ये एका सिनेटर बाईंनी हॉटेलांतल्या 'हवा तेवढा भात' या पद्धतीवर तब्येतीच्या कारणाने बंधन आणावं असं सुचवलं. लोक इतके खवळले की त्यांना खुलासा करावा लागला.

आणि एप्रिल २०१६ चं किदापावान विसरता येत नाही. दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावर दुष्काळ पडला होता. हजारो शेतकरी महामार्गावर येऊन बसले. मागणी काय? १५ हजार पोती तांदूळ. धान पिकवणारेच खायला तांदूळ मागत होते. १ एप्रिलला पोलिसांनी त्यांना हुसकावलं, गोळीबार झाला, त्यात शेतकरी मेले. त्यानंतर देशभर एक घोषणा पसरली : 'बिगास, हिंदी बाला'. तागालोगमध्ये 'हिंदी' म्हणजे नाही, 'बाला' म्हणजे गोळी. तांदूळ द्या, गोळ्या नकोत.

तिथे तांदळाच्या भावावर सरकारं हलतात, म्हणून प्रत्येक सरकार भाव खाली ठेवायला धडपडतं. आणि इथेच खरी मेख आहे. २०१९ मध्ये कायदा आला, आयातीवरची संख्येची बंधनं काढली आणि त्याऐवजी जकात लावली, शेजारच्या देशांच्या तांदळावर ३५ टक्के. दुकानात तांदूळ थोडा उतरला. पण त्याच वर्षी कापणीच्या वेळी शेतकऱ्याच्या पलायचा भाव काही भागांत किलोला १०-१२ पेसोंपर्यंत कोसळला. जकातीच्या पैशातून शेतकऱ्यांसाठी वर्षाला १० अब्ज पेसोंचा निधी ठेवला होता, यंत्रं, बियाणं, प्रशिक्षण. कागदावर छान. पण कापणीच्या दिवशी दलालासमोर उभ्या असलेल्या माणसाला निधी दिसत नाही, भाव दिसतो.

मग जुलै २०२३ ची आपली बंदी आली. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फिलिपिन्सचा आयातीचा बहुतेक तांदूळ व्हिएतनामहून येतो, भारतातून थोडाच. पण जगाच्या तांदूळ व्यापारात तेव्हा भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता. एवढा मोठा दुकानदार शटर खाली ओढतो, तेव्हा बाजूचा दुकानदार भाव वाढवतोच. ऑक्टोबरमध्ये भारत सरकारने सवलत म्हणून फिलिपिन्सला २ लाख ९५ हजार टन देण्याची परवानगी दिली. तरी मार्च २०२४ मध्ये तिथली तांदळाची महागाई वर्षाला २४.४ टक्के झाली, पंधरा वर्षांतली सर्वांत जास्त. जून २०२४ मध्ये त्यांनी जकात ३५ वरून १५ टक्क्यांवर आणायचा निर्णय घेतला. त्या वर्षी आयात झाली विक्रमी, सुमारे ४८ लाख टन. आता पलायचे भाव पुन्हा घसरले. मग १ सप्टेंबर २०२५ पासून आयातच थांबवली, आधी ६० दिवसांसाठी, पुढे मुदत वाढवली. निवडणुकीत वचन दिलं होतं २० पेसो किलो तांदळाचं. तो मे २०२५ मध्ये सेबूपासून सुरू झाला, सरकारी अनुदानावर आणि सगळ्यांसाठी नाही. एकदा दार उघडायचं, एकदा लावायचं. खाणारा ओरडला की उघडा, पिकवणारा ओरडला की लावा.

आता आपल्याकडे बघा. २०२३ च्या खरिपात धानाचा हमीभाव होता क्विंटलला २,१८३ रुपये. जगात तांदूळ कित्येक वर्षांत नव्हता एवढा महाग होता. पण आपल्या शेतकऱ्यासाठी बाहेरचं दार बंद होतं, त्यामुळे त्या महागाईतलं त्याच्या हाती काय लागणार? देशातली महागाई आवरायला बंदी आवश्यक होती, असं सरकार म्हणालं. शहरातल्या गरिबाचा विचार केला तर त्यात तथ्यही आहे. मी बंदीच्या बाजूने किंवा विरोधात घोषणा द्यायला बसलेलो नाही. मी एवढंच म्हणतोय की त्या संध्याकाळी मी जी तीनशे शब्दांची बातमी लिहिली, त्यात मिलमालक होते, सरकार होतं, भाव होता. पोत्यावर बसलेला माणूस नव्हता आणि मनिलाच्या रांगेत किलोभर बिगाससाठी उभी असलेली बाई तर माझ्या स्वप्नातही नव्हती. एकाच कागदाने दोघांचंही नुकसान केलं होतं. एकाला चढा भाव मिळाला नाही, दुसरीला चढ्या भावाने घ्यावं लागलं. वीस वर्षं पत्रकारिता करून हे मला दीड महिन्याने कळलं, याची खंत आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये ती बंदी उठली. त्या दिवाळीच्या आसपास, हलका धान निघायच्या वेळी, ते बाबाजी मला खरेदी केंद्रावर भेटले. टोकन घेऊन बसले होते. मी त्यांच्या बाजूला बसलो आणि जमेल तसं सगळं सांगितलं. फिलिपिन्स नावाचा देश आहे, आपल्यासारखंच धान, तांदूळ, भात वेगवेगळं म्हणतात, शिळ्या भाताला फोडणी देतात, खरवड खातात. तिथलं बियाणं आपल्याकडे येऊन गेलं. आपण तांदूळ बंद केला तं तिथं महाग झाला. ते मान हलवत ऐकत होते. खरवडीवर हसले. मला वाटलं, चला, उत्तर दिलं एकदाचं.

थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "तिथं इतका महाग झाला म्हनता, तं तिथल्या धानवाल्याले काही भेटलं का जी?"

मी सांगितलं, कापणीच्या वेळेपर्यंत बाहेरचा तांदूळ येतो आणि भाव पडतो. ते टोकनाचा कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "मंग तो बी आपल्यावानीच हाय."

त्यांचा नंबर त्या दिवशी लागला नाही.